रंजिता मॅडम आहेत का?

लोक मला फोन लावून आधी हेच विचारतात. मी भोसेकर लिफ्ट सर्व्हिसचा इमर्जन्सी फोन बोलतोय. दचकू नका, कुणाची लिफ्ट अडकलेली नाही. आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आले. आज जरा मला बोलू द्या.

मी साधा, बटणांचा, काळ्या रंगाचा फोन. जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला. एका पट्ट्यावरून सरकत आलो आणि खोक्यात गेलो, एवढंच आठवतं. मग वाशीच्या एका दुकानात काचेआड बरेच दिवस काढले. लोक यायचे, माझ्याकडे बघायचे आणि शेजारचा मोठ्या स्क्रीनचा फोन दाखवा म्हणायचे. मला वाईट वाटायचं का? सांगता येत नाही. वाटण्याबद्दल मला फारसं कळत नाही. मी थरथरतो, तेवढं माहीत आहे.

एके दिवशी दिलीप भोसेकर दुकानात आले. चाळिशी ओलांडलेले, शर्टाच्या खिशाला ग्रीसचा डाग. दुकानदाराला म्हणाले, "ज्याच्यावर गेम खेळता येत नाही असा फोन द्या. आणि बॅटरी टिकली पाहिजे." दुकानदाराने मला काढून त्यांच्या हातात ठेवलं.

भोसेकरांचा धंदा लिफ्टच्या देखभालीचा. नवी मुंबईतल्या पावण्याच्या इंडस्ट्रियल एरियात एक गाळा, खाली सुटे भाग आणि मेकॅनिक लोकांची बसायची जागा, लोखंडी जिन्याने वर गेलं की ऑफिस. नेरूळ, वाशी, सानपाडा, कोपरखैरणे इथल्या सोसायट्यांच्या लिफ्ट ते सांभाळायचे. दर महिन्याला तपासणी, बिघडलं तर दुरुस्ती, आणि आत कुणी अडकलं तर त्याला बाहेर काढणं. या शेवटच्या कामासाठी मला आणलं होतं. माझा नंबर लाल स्टिकरवर छापून प्रत्येक लिफ्टमध्ये बटणांच्या वर चिकटवला गेला.

नंबर छापला, पण फोन उचलायचा कुणी हे ठरलं नव्हतं. सुरुवातीला भोसेकरच उचलायचे. त्यांचा स्वभाव घाईचा. "कुठली सोसायटी? कितवा मजला? माणूस पाठवतो," आणि फोन बंद. आत अडकलेला माणूस अंधारात दोन मिनिटं थांबायचा आणि पुन्हा फोन करायचा. पुन्हा तेच उत्तर.

ऑफिसात बिलं करायला तेव्हा रंजिता मेहेर नावाची मुलगी नुकतीच लागली होती. नेरूळजवळच्या सारसोळे गावची, कोळ्यांच्या घरातली. एकदा भोसेकर गिऱ्हाइकाशी बोलत होते आणि मी वाजत होतो, म्हणून तिने मला उचललं.

"मी रंजिता बोलते. तुमचं नाव काय?"

पलीकडचा माणूस सोसायटीचं नाव घेत ओरडत होता. नाव विचारल्यावर एकदम थांबला. मग म्हणाला, "तावडे."

"तावडे साहेब, आधी खाली बसा. हो, लादीवरच. पाठ टेकवा. दार ओढू नका. गंगाराम निघालाय. तो येईपर्यंत मी फोन ठेवत नाही."

आणि तिने ठेवला नाही. गंगाराम म्हणजे आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक. तो पोहोचेपर्यंत ती तावड्यांशी त्यांच्या मुलाच्या क्रिकेटबद्दल बोलत राहिली. तावडे सुटले तेव्हा हसत होते. भोसेकर दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "रंजिता, हा फोन आजपासून तुझ्याकडे."

मी तिचा झालो तो असा.

त्यानंतरची बरीच वर्षं मी तिच्या पर्समध्ये, उशीजवळ आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवर काढली. तिचं लग्न झालं, सासर गावातच, दोन गल्ल्या सोडून. मुलगा झाला, शाळेत जाऊ लागला. नारळी पुनवेला सगळं गाव वाजतगाजत जेटीकडे निघायचं आणि ही मला कानाला लावून कुठल्यातरी घराच्या आडोशाला उभी असायची. तिच्या आईला, पुतळाबाईला, माझा राग होता. "ह्यो फोन हाय का सवत हाय गो?" असं ती विचारायची. रंजिता हसायची.

लोकांना तिचा आवाज सवयीचा झाला. नेरूळच्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर गीतांजली रेगे राहायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. एकदा मासळी घेऊन येताना त्या अडकल्या. रंजिताने विचारलं, "बाई, पिशवीत काय आहे?" त्या म्हणाल्या, "बोंबील." "मग गंगारामला पळायलाच सांगते," रंजिता म्हणाली. बाई सुटेपर्यंत दोघींचं बोंबलाचं कालवण कसं करायचं यावरच बोलणं चाललं होतं. पुढे रेगेबाई अडकल्या नसल्या तरी कधीमधी फोन करायच्या. "पुतळाताई बऱ्या आहेत ना?" असं विचारायच्या. दोघींची भेट कधीच झाली नव्हती.

सोसायट्यांचे सेक्रेटरी आमच्या कंपनीला ‘रंजिता मॅडमची कंपनी’ म्हणू लागले. वर्षाचा करार नवा करायचा असला की भोसेकरांना नाही, तिला फोन यायचा. भोसेकर हे ऐकून नुसते हसायचे, पण त्यांना बरं वाटायचं. माणसाला एखादी गोष्ट नीट चाललेली असली की तिच्याकडे बघणं बंद करायची सवय असते. भोसेकरांनीही बघणं बंद केलं.

मग कधीतरी रंजिताच्या आत काहीतरी थांबलं. नेमकं केव्हा, ते मलाही कळलं नाही. आवाज तोच होता. शब्द तेच होते. खाली बसा, पाठ टेकवा, दार ओढू नका. कुणीही तक्रार केली नाही, कारण तक्रार करण्यासारखं काही नव्हतंच.

एका रविवारी दुपारी ती आईकडे वाटाणे सोलत बसली होती. मी वाजलो. कोपरखैरण्याच्या एका इमारतीत एक बाप आणि त्याची लहान मुलगी अडकली होती. मुलगी मोठमोठ्याने रडत होती. रंजिताने मला खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलं आणि दोन्ही हातांनी वाटाणे सोलत बोलत राहिली. मुलीला तिचं नाव विचारलं, बाहुलीचं नाव विचारलं. सगळं बरोबर. मेकॅनिक पोहोचला, दार उघडलं, फोन संपला. रंजिताने पुढची शेंग घेतली.

पुतळाबाई तिच्याकडे बघत होती.

"पोर किती रडत व्हती गो. तुना काय वाटला नाय?"

"नाय," रंजिता म्हणाली आणि शेंग फोडली. मग तिचे हात थांबले. बराच वेळ ती ताटलीतल्या वाटाण्यांकडे बघत राहिली.

"आये, खरंच मना काय वाटला नाय," ती म्हणाली. "पोर रडत व्हती आनि मी वाटाणं मोजत व्हते."

पुतळाबाईने ताटली तिच्या पुढ्यातून उचलून बाजूला ठेवली.

थोड्याच दिवसांनी ती मला घेऊन भोसेकरांसमोर जाऊन बसली. मी टेबलावर होतो, दोघांच्या मध्ये.

"सर, मी नोकरी सोडतेय."

भोसेकर हसले. त्यांना वाटलं, पगाराचं बोलणं आहे. "आकडा बोल," ते म्हणाले.

"आकड्याचं नाही, सर."

"मग कुणी ओढलं तुला? नाव सांग. मी बोलतो त्याच्याशी."

"कुणी नाही. नेरूळला एका शाळेच्या ऑफिसात काम मिळतंय. तिथला फोन टेबलावरच राहतो."

भोसेकरांनी माझ्याकडे पाहिलं. जणू माझंच काहीतरी चुकलं होतं. "सुट्टी घे," ते म्हणाले. "महिनाभर घे. गावाला जाऊन ये."

"मी गावातच राहते, सर."

त्यांनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. मग रंजिता सावकाश म्हणाली, "सर, मी फोनवर सगळं बरोबर बोलते. पण आत काही हलत नाही. माणूस रडो, ओरडो, मला काही होत नाही. एखाद्या दिवशी मी चुकीचं बोलेन आणि तेही मला कळणार नाही. ते व्हायच्या आत मला जायचंय. नोटिशीचा सगळा महिना मी आहे. नवीन माणूस घ्या, मी तिला शिकवते. सोसायट्यांना मीच फोन करून सांगते, तुम्ही फक्त हो म्हणा."

हे सगळं इतकं सरळ होतं. भोसेकरांनी फक्त हो म्हणायचं होतं.

"इतक्यात कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "करार नवे व्हायचे दिवस आहेत. मी बघतो."

पुढे महिनाभर ते बघतो म्हणत राहिले. रंजिता विचारायची, "सर, माणूस पाहिला?" ते म्हणायचे, "बघतो." ती म्हणायची, "निदान गंगारामला तरी सांगूया." ते म्हणायचे, "सांगू." ते रोज वेळेवर यायचे, सह्या करायचे, चहा प्यायचे. कुणी वरवर पाहिलं असतं तर त्यांना काहीही झालेलं नाही असंच वाटलं असतं. मला मात्र रंजिताच्या शब्दांमागचा तो थंडपणा ओळखीचा झाला होता. आता तो भोसेकरांच्या बोलण्यामागे ऐकू येत होता.

शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ झाला नाही, कारण ती जातेय हे कुणाला माहीतच नव्हतं. संध्याकाळी तिने मला पुसलं, चार्जर गुंडाळला आणि आम्हा दोघांना भोसेकरांच्या टेबलावर ठेवलं. "येते, सर," म्हणाली. भोसेकरांनी कागदातून डोकं वर न काढता "हं" केलं. जिन्यावरून तिची पावलं खाली गेली. खालून गंगारामने विचारलं, "मॅडम, आज लवकर?" ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भोसेकरांनी सगळ्यांना सांगितलं की रंजिता सुट्टीवर आहे.

त्यानंतर मी काही दिवस भोसेकरांच्या घरी होतो. ते वाशीला राहतात, त्यांच्या पत्नी वैशालीताई एका दवाखान्यात काम करतात. मी वाजलो की भोसेकर मला हातात घ्यायचे, थोडा वेळ नुसते बघायचे, मग उचलायचे. पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "रंजिता मॅडम आहेत का?" ते म्हणायचे, "बाहेर गेलीय, येईल."

एकदा जेवताना वैशालीताईंनी विचारलं, "तिच्या जागी कुणाला घेतलं?"

"घेईन."

"अहो, ती गेली."

"माहितीय मला."

"नाही," वैशालीताई म्हणाल्या. "तुम्ही लोकांपासून लपवताय असं मला वाटत होतं. तुम्ही अजून स्वतःलाच सांगितलेलं नाही."

भोसेकरांनी भात कालवला आणि खाल्ला. आमटी वाढून घ्यायला विसरले होते.

मग सई आली. तिने आधी महाप्याला कॉल सेंटरमध्ये काम केलं होतं. मुलगी चांगली होती, ऐकून घेणारी. भोसेकरांनी मला तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "फोन उचलल्यावर नाव सांगायची गरज नाही."

"आणि लोकांनी रंजिता मॅडम म्हणून हाक मारली तर?"

"तर हो म्हणायचं."

सई त्यांच्याकडे बघत राहिली. "सर, असं कसं?"

"लोकांना आवाज पाहिजे असतो गं. बाईचा, शांत आवाज. नावाचं काय? थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. करार होऊ देत, मग सांगू सगळ्यांना."

सईला नोकरी हवी होती. ती हो म्हणाली.

आणि ते चाललंही. फोनवर सगळेच आवाज थोडेसे सारखे असतात, त्यात लिफ्टच्या डब्यात रेंज कमी. "रंजिता मॅडम?" "हो, बोला." लोक सुटत होते, थँक्यू म्हणत होते. करारांवर सह्या होत होत्या. प्रत्येक ‘हो’नंतर सई मला टेबलावर पालथं ठेवायची, स्क्रीन खाली करून.

एका सकाळी रेगेबाईंचा फोन आला. इमारतीची वीज गेली होती आणि बॅटरीवर लिफ्ट खाली यायला हवी होती, ती आली नव्हती. त्या चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये होत्या.

"रंजिता, पुन्हा अडकले गं मी." आवाजात भीती नव्हती. ओळखीच्या घरी फोन करावा तसा आवाज होता.

"हो काकू, घाबरू नका," सई म्हणाली. "माणूस निघालाय."

रंजिता त्यांना बाई म्हणायची. पण रेगेबाईंनी ते सोडून दिलं असावं. "किती दिवसांनी बोलतेयस," त्या म्हणाल्या. "पुतळाताई बऱ्या आहेत ना?"

"कोण?" सईने विचारलं.

मी त्या दोघींच्या मध्ये होतो. इतकी शांतता माझ्यातून कधी गेली नव्हती.

"तू रंजिता नाहीस," रेगेबाई म्हणाल्या.

सईने मान वर करून भोसेकरांकडे पाहिलं. ते दारात उभे होते. त्यांनी हाताने खूण केली, चालू ठेव.

"मी... रंजिताच बोलतेय, काकू."

"रंजिता कुठे आहे? तिला काय झालं?" आता आवाज बदलला होता. "कोण बोलतंय? तिला काय झालंय, सांगा मला!"

रेगेबाईंनी फोन कापला. सईने लगेच उलट फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली, कुणी उचललं नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. अडकलेल्या माणसाने फोन न उचलण्याची ती पहिलीच वेळ. भोसेकर खुर्चीत बसले होते आणि समोरच्या भिंतीकडे बघत होते.

शेवटी गंगारामचा फोन आला.

"काढलं बाहेर. बाई ठीक हायत. पन बोलत नाहीत. पानी दिलं, घेतलं नाही. मॅडमना काय झालं एवढंच विचारतात. सर, मी काय सांगू त्यांना?"

"काही सांगू नकोस," भोसेकर म्हणाले.

"मला तरी कुठं म्हायती हाय?" गंगाराम म्हणाला. "सुट्टी सुट्टी म्हनता. एवढी सुट्टी असती का?"



दुसऱ्या दिवशी रेगेबाई पावण्याला आल्या. लोखंडी जिना कठडा धरून चढल्या. वर आल्यावर दम लागला होता, सईने खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. भोसेकरांसमोर उभ्या राहिल्या.

"ती कधी वारली?" त्यांनी विचारलं.

भोसेकरांना प्रश्नच कळला नाही. "कोण?"

"रंजिता."

"अहो बाई, नाही! नाही हो. काय बोलताय! तिने नोकरी सोडली. बरी आहे ती. सारसोळ्यात आहे, घरी आहे."

रेगेबाई तेव्हा बसल्या. पर्स मांडीवर घेतली आणि ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"मला वाटलं, ती गेली," त्या म्हणाल्या. "धंदा बुडू नये म्हणून तुम्ही तिच्या नावाने दुसरीला बोलायला लावताय, असं वाटलं. त्या लिफ्टमध्ये बसून मी लिफ्ट विसरले. तिच्या आईकडे आता कोण असेल, मुलाचं काय, असले विचार करत होते. रात्रभर तेच."

भोसेकर उभे होते. त्यांचे हात टेबलावर होते आणि बोटं कुठे ठेवावीत ते त्यांना समजत नव्हतं.

"नोकरी सोडली," रेगेबाई पुन्हा म्हणाल्या, स्वतःशीच. "मग एवढंच सांगायचं होतं ना. मी तिला शाबास म्हटलं असतं. इतकी वर्षं तिने लोकांची भीती ऐकली." मग त्यांनी सईकडे पाहिलं. "तुझं नाव काय, बाळा?"

"सई."

"सई, तू बरं बोलत होतीस. काकू म्हणालीस तेही चाललं असतं." त्या उठल्या. भोसेकरांना काही न बोलता निघाल्या. गंगाराम त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेला.

भोसेकर बसले. बाहेर ट्रक मागे घेत होते, कुणीतरी "आन दे, आन दे" ओरडत होतं. मग त्यांनी मला उचललं. स्वतःचा भारी फोन खिशात होता, पण त्यांनी मलाच उचललं, कारण सोसायट्यांना माझाच नंबर ओळखीचा.

पहिला फोन त्यांनी नेरूळच्या सेक्रेटरींना लावला. पलीकडून आवाज आला, "बोला, रंजिता मॅडम."

भोसेकरांचा अंगठा माझ्या लाल बटणावर गेला. मला वाटलं, ते ठेवून देतील.

"मी दिलीप भोसेकर बोलतोय," ते म्हणाले. "रंजिता आता आमच्याकडे नाही. तिने नोकरी सोडलीय. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही."

दिवसभर ते एवढंच बोलत राहिले. एकामागून एक सगळ्या सोसायट्यांना. सुरुवातीला आवाज कोरडा होता, पाठ केलेलं म्हणावं तसा. दुपारनंतर तो मधूनमधून फाटू लागला. काहीजण म्हणाले, बरं झालं सांगितलंत. काहीजणांना तिची काळजी वाटली, तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. सानपाड्याचे एक चेअरमन म्हणाले, "साहेब, खरं सांगू का? आम्ही तिच्यामुळेच तुमच्याकडे होतो. आणि नव्या करारावर सही घेताना तुम्ही हे लपवलंत. आता आम्हाला विचार करावा लागेल."

"करा," भोसेकर म्हणाले. "करार सोडायचा असेल तर मी अडवणार नाही."

तसं काही सोसायट्यांनी सोडलंही. ज्यांची भीती होती त्यांतल्या बऱ्याचजणांनी नाही, आणि ज्यांच्याबद्दल शंका नव्हती अशा एक-दोघांनी. सगळे फोन झाल्यावर भोसेकरांनी डोळ्यांवर तळहात धरले. सईने चहा आणून ठेवला आणि ती खाली गेली.

त्या संध्याकाळी गंगारामने मला मागून घेतलं आणि रंजिताला फोन लावला.

"मॅडम, आमाला पन न सांगता गेलात."

"मला सांगू नको म्हणाले, गंगाराम."

"तुमी ऐकलंत कशाला?"

"तेव्हा मला काही वाटतच नव्हतं रे," ती म्हणाली. "सांगितलं काय, न सांगितलं काय, सारखंच वाटायचं."

मग त्याने रेगेबाईंचं सगळं तिला सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "उद्या शाळा सुटली की जाऊन येते त्यांच्याकडे. आईला पण नेते."

ऑफिसात बऱ्याच गोष्टी बदलल्या. मी आता एका माणसाकडे राहत नाही. आठवडाभर सई, मग गंगाराम, मग स्वतः भोसेकर, अशी पाळी लावली आहे. ज्याची पाळी नसेल त्याने मला हात लावायचा नाही. हे भोसेकरांनीच ठरवलं. "कुणाच्याही कानाला हा कायमचा चिकटता कामा नये," ते म्हणाले. सई आपलं नाव सांगते. लोक विचारतात, "रंजिता मॅडम?" ती म्हणते, "त्या आता इथे नसतात." पहिल्यांदा असं म्हणताना ती अडखळली होती. आता नाही अडखळत. भोसेकर अजूनही घाईत बोलतात, पण फोन ठेवत नाहीत. बोलायला काही सुचलं नाही तर समोरच्या कॅलेंडरवर काय लिहिलंय ते वाचून दाखवतात. एकदा अडकलेल्या माणसाला त्यांनी पूर्ण महिन्याचे सणवार सांगितले.

एका शनिवारी त्यांनी रंजिताला बोलावलं. सगळे मेकॅनिक वर आले होते, जिन्यातही उभे होते. समोसे होते, नारळ होता, साडी होती. भोसेकरांना चार शब्द बोलायचे होते. ते उठले, घसा साफ केला आणि तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "रंजिता, तू गेलीस."

"हो, सर," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. भोसेकरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

नेमका तेव्हा मी वाजलो. सगळी खोली तिच्याकडे वळली. तिचा हात मांडीवरून थोडा उचलला गेला आणि तिथेच थांबला. सईने मला घेतलं आणि बोलत खिडकीपाशी गेली. वाशीला कुणी म्हातारे गृहस्थ अडकले होते. रंजिता तिच्या पाठीकडे बघत राहिली. ते सुटेपर्यंत तिने समोशाला हात लावला नाही.

जाताना ती जिन्यात थांबली. दार उघडं होतं म्हणून मला ऐकू आलं. "गंगाराम," ती म्हणाली, "फोन वाजला ना, तेव्हा पोटात धस्स झालं रे."

"मग?"

"मग काही नाही. बरं वाटलं."

माझी गोष्ट इथवरच. आता माझी बॅटरी फुगली आहे. मागचं झाकण बसत नाही, रबर बँड लावून मला धरून ठेवतात. दोन नंबरचं बटण दाबलं की तीन उमटतो. काल भोसेकरांनी नवा फोन आणला, माझ्यातलं सिमकार्ड काढलं आणि त्याच्यात घातलं. नंबर त्याच्याकडे गेला. तो लगेच वाजला आणि गंगारामने उचलला. कुणालाही काही वेगळं वाटलं नाही, आणि तसंच व्हायला हवं होतं.

सईने विचारलं, "सर, याचं काय करू?"

"ठेव तिथे," भोसेकर म्हणाले. "टाकवत नाही."

म्हणून मी आता खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, स्टेपलर आणि जुन्या किल्ल्यांच्या शेजारी. भोसेकर साहेब, माझं हे बोलणं तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, तरी सांगतो. फुगलेली बॅटरी ड्रॉवरमध्ये ठेवू नये. वाशीला जुने फोन गोळा करणारा डबा आहे, त्यात मला टाका. टाकताना सईला, गंगारामला आणि खालच्या पोरांना बोलवा. तो काळा फोन गेला असं मोठ्याने सांगा. आणि मग कामाला लागा.